उधारीच्या वहीवरून संशोधन प्रकल्प कसा करावा: तालुक्याच्या गावातल्या वाणिज्य विद्यार्थ्यांसाठी

दरवर्षी जुलै-ऑगस्टात एम.कॉम.ची मुलं प्रकल्पाचा विषय मंजूर करून घ्यायला येतात. हातातल्या कागदावर बहुतेक एकच वाक्य असतं: 'किराणा दुकानातील ग्राहकांच्या खरेदी वर्तनाचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ अमुक तालुका'. मी विचारतो, यातून तुला नेमकं काय शोधायचंय? त्यावर उत्तर येतं, "सर, प्रश्नावली तयार आहे. मित्राने मागच्या वर्षी वापरलेली."

नवीन शैक्षणिक धोरणानंतर पदवीला क्षेत्रीय प्रकल्प आणि पदव्युत्तरला संशोधन प्रकल्प आला, त्यामुळे या कागदांची संख्या वाढली. मी वाणिज्य शिकवतो, आणि हा लेख त्या कागदांना कंटाळून लिहितोय. माझं म्हणणं थोडक्यात असं: मराठवाड्यात ग्राहकाचं वर्तन शिकायचं असेल तर सुरुवात प्रश्नावलीने करू नका, दुकानदाराच्या उधारीच्या वहीने करा. हे मी स्वतः चुकून शिकलो. माझ्या पहिल्या प्रकल्पात दोनशे प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. 'आपण उधारी किती दिवसांत चुकती करता?' या प्रश्नाला बहुतेकांनी 'एका महिन्यात' वर खूण केली. मी सुंदर वर्तुळालेख काढला. पुढे ओळखीच्या एका दुकानदाराने सहज वही दाखवली, तर जूनची साखर-चहापत्ती नोव्हेंबरात जमा झालेली. लोक खोटं बोलले नव्हते. मी विचारलं तेव्हा फेब्रुवारी होता, आणि फेब्रुवारीत ते खरंच महिन्यात देत होते.

विषय नव्हे, प्रश्न

पहिलं काम म्हणजे शीर्षकातलं 'चिकित्सक अभ्यास' काढून त्या जागी प्रश्नचिन्ह आणणं. कसोटी सोपी आहे. तुमचा प्रश्न दुकानदाराला सांगा. तो काउंटरवरून मान वर करून "हे आम्हालाही कळलं पाहिजे" म्हणाला तर प्रश्न चांगला. आमच्याकडे चालतील असे काही:

पेरणीच्या वेळची उधारी रास झाल्यावर किती दिवसांत चुकती होते?
ज्या घरात पगार येतो आणि ज्या घरात मोंढ्याची पट्टी (बाजारात विकलेल्या मालाचे पैसे) येते, त्यांच्या परतफेडीत फरक काय?
मोबाइलवरून पैसे देणारा ग्राहक उधारी कमी करतो, की नुसती बाकी मोबाइलवरून चुकवतो?
बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांची बाकी कारखान्यावर जाण्याआधी मिटते की परत आल्यावर?

शेवटच्या प्रश्नासाठी स्थानिक माहिती लागते. तोडणीची टोळी साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, त्याआधी मुकादमाकडून उचल मिळते, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की मार्च-एप्रिलकडे माणसं परततात. सोयाबीनवाल्या लातूरच्या गावात पैशाचा महिना वेगळा असतो, तुरीवर असलेल्या घरात आणखी वेगळा. म्हणून प्रश्न निवडण्याआधी एका कागदावर बारा महिने लिहा आणि तुमच्या गावात कोणत्या महिन्यात पैसा येतो, कोणत्या महिन्यात जातो ते मांडा. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबर, कापसाची वेचणी त्याच सुमारास सुरू होऊन पुढे चालते, तूर डिसेंबर-जानेवारीपासून, हरभरा फेब्रुवारी-मार्च. खर्चाच्या बाजूला जूनचं बी-खत, शाळेची वह्या-पुस्तकं, पोळा, गौरी-गणपती, लग्नसराई. हा कागद पुढे अहवालात परिशिष्ट म्हणून जातो, आणि खरं सांगायचं तर अर्धा निष्कर्ष त्यातच असतो.

आधी काय झालंय ते बघणं

यावर फार वेळ घालवू नका, पण टाळूही नका. शोधगंगा या संकेतस्थळावर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत वाचता येतात. छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड या आपल्या दोन्ही विद्यापीठांच्या नावाने शोधा. तालुक्याची आकडेवारी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना'त मिळते. ती मराठीत असते आणि कुणी उघडत नाही.

जुन्यात एक गोष्ट जरूर बघा. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिचा अहवाल १९५४ साली आला आणि त्या समितीत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकरी कुटुंबांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा जवळपास ७० टक्के निघाला, हे सगळे उद्धृत करतात. त्याच तक्त्यात व्यापारी-आडत्यांचा वाटा ५.५ टक्के आहे, त्याकडे कुणी बघत नाही. तुमचा विषय त्या ओळीत आहे.

दुकान मिळवणं

किराणा दुकानांची तयार यादी कुठेही मिळत नाही. दोन दिवस सायकल काढा, गल्ल्या फिरा आणि स्वतः यादी करा: दुकान कोणत्या वस्तीत, किती जुनं, उधारी देतात का. मग त्यातली तीन दुकानं घ्या. एक बाजारपेठेतलं, एक वस्तीतलं आणि एक बसस्थानकाजवळचं, म्हणजे खेड्यावरून येणारा ग्राहक सापडतो.

परवानगी मागायला आठवडी बाजाराच्या दिवशी गेलात तर काम संपलं. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. सोबत महाविद्यालयाचं पत्र न्या, पण पत्र आधी पुढे करू नका. शिक्का दिसला की माणूस जीएसटीचा विचार करतो. आधी बसा, चहा घ्या, मग सांगा, "काका, कोणाचं नाव लिहिणार नाही, वहीचा फोटो काढणार नाही, वही दुकानाबाहेर नेणार नाही. इथंच बसून उतरवून घेतो." आणि हे तिन्ही शब्द पाळा. "विक्री किती होते?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचाच नाही. तो आकडा तुम्हाला लागतच नाही, फक्त उधारीची विक्री लागते.

नमुना: ३८४ चं भूत

बऱ्याच प्रकल्पांत नमुना ३८४ असतो आणि का, ते विद्यार्थ्याला माहीत नसतं. तो आकडा येतो असा: ९५ टक्के विश्वासपातळीसाठी १.९६, प्रमाण ०.५ आणि चूक ५ टक्के धरली, तर १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ०.००२५. उत्तर ३८४.१६. (इथे एक शून्य जास्त टाकून ३,८४१ चा नमुना घेणारा विद्यार्थीही पाहिलाय. मी वेळेत थांबवला.) हा आकडा खूप मोठ्या समष्टीसाठी (ज्यातून नमुना उचलायचा त्या सगळ्या खात्यांसाठी) आहे. तुमच्या तीन दुकानांत मिळून ३०० खाती असतील तर क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्याप्रमाणे १६९ पुरतात. चूक १० टक्के चालवून घेतली तर मूळ आकडा ९६ आणि ३०० च्या समष्टीसाठी दुरुस्त केल्यावर ७३. एका विद्यार्थ्याला हाताने वही उतरवायची असेल तर हे ७३ प्रामाणिक आहेत. १६९ चा हट्ट धरणारा शेवटची शंभर खाती वसतिगृहात बसून भरतो.

निवड अशी करा. सगळ्या खात्यांना १ ते ३०० क्रमांक द्या. १ ते ४ च्या चिठ्ठ्या टाकून एक उचला. समजा ३ आला. मग ३, ७, ११, १५ असं दर चौथं खातं घ्या, म्हणजे ७५ खाती होतात. वह्यांत खाती बहुधा गावांप्रमाणे लावलेली असतात, त्यामुळे या पद्धतीने प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी येतं. आणि अहवालात स्पष्ट लिहा की निष्कर्ष या तीन दुकानांपुरते आहेत. एकाच दुकानाचे ग्राहक एकमेकांसारखे असतात, म्हणून ७५ खाती म्हणजे तालुक्यातली ७५ सुटी घरं नव्हेत.

आता सगळ्यात जास्त चुकणारी जागा. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला नवी वही सुरू होते, तेव्हा दुकानदार फक्त चालू खात्यांची बाकी पुढे ओढतो. ज्याने द्यायचं सोडलं, गाव सोडलं, भांडून दुसरं दुकान धरलं, तो जुन्या वहीतच राहतो. तुम्ही फक्त नवी वही उतरवली तर तुमच्या प्रकल्पात बुडीत उधारी जवळपास शून्य येईल आणि तुम्ही 'ग्राहक प्रामाणिक आहेत' असा निष्कर्ष लिहाल. जुनी वही मागा. नाही मिळाली तर तसं लिहा.

वही उतरवणं

एक्सेलमध्ये प्रत्येक व्यवहाराला एक ओळ द्या. रकाने इतकेच: खाते क्रमांक, दिनांक, नावे रक्कम (उधार नेलं ते), जमा रक्कम (परत दिलं ते), शेरा. नावाचा रकाना नको. क्रमांक आणि नाव जोडणारी यादी एका वेगळ्या कागदावर दुकानातच ठेवा. टॅलीत तयार झालेल्या मुलांना एक सूचना: जुन्या देशी पद्धतीच्या वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असते. पाठ्यपुस्तकाच्या उलट. पहिल्या पानावर दुकानदारासोबत एका खात्याची बेरीज करून खात्री करा. शेरा महत्त्वाचा आहे, 'पट्टी आली', 'मुलाने फोनवरून टाकले', 'बैल विकला' असं काही लिहिलेलं असतं. ते सोनं आहे, जसंच्या तसं उतरवा.

अडचण येते ती अर्धवट जमेची. ग्राहक एकेका चिठ्ठीचे पैसे देत नाही, "हे तीन हजार मांडा" म्हणतो. हे पैसे कोणत्या खरेदीचे धरायचे? एक नियम ठरवा: आधीची उधारी आधी फिटली. एक उदाहरण घेऊ. समजा १ जूनला २,००० रुपये नावे, १५ जुलैला १,५०० आणि १० ऑगस्टला १,०००. २५ ऑक्टोबरला ३,००० जमा. तर १ जूनचे २,००० पूर्ण फिटले, १४६ दिवसांनी. उरलेले १,००० हे १५ जुलैच्या खरेदीतले, १०२ दिवसांनी. सरासरी काढताना रक्कम विसरायची नाही: २,००० गुणिले १४६ अधिक १,००० गुणिले १०२, भागिले ३,०००. उत्तर सुमारे १३१ दिवस. नुसती १४६ आणि १०२ ची सरासरी घेतली तर १२४ येते, आणि ती चूक आहे. शिवाय १,५०० रुपये अजून बाकी आहेत, ते वयानुसार वेगळ्या तक्त्यात जातील: ३० दिवसांपर्यंत, ३१ ते ६०, ६१ ते ९०, ९१ ते १८०, त्यापुढे. पाठ्यपुस्तकातला तक्ता ९० दिवसांवर संपतो. आपल्याकडे संपवू नका, खरिपाची उधारी त्याच्या पुढेच असते.

३१ मार्चचा फसवा आकडा

हिशेबशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ऋणको उलाढाल प्रमाण येतं: उधारीची विक्री भागिले सरासरी ऋणको (ग्राहकांकडून येणं). सरासरी म्हणजे आरंभीची आणि अखेरची बाकी, भागिले दोन. समजा एका दुकानाची वर्षाची उधारी विक्री ६ लाख. मागच्या ३१ मार्चला येणं ६० हजार, या ३१ मार्चलाही ६० हजार. प्रमाण १०. ३६५ भागिले १०, म्हणजे वसुलीचा काळ साधारण ३७ दिवस. फारच छान.

आता त्याच दुकानाची बारा महिनाअखेरची बाकी वहीतून काढा. मार्चपर्यंत सोयाबीन, तूर, हरभरा सगळं विकून लोकांनी खाती हलकी केलेली असतात. सप्टेंबरअखेर हीच बाकी कितीतरी पट चढलेली असते. समजा बारा महिन्यांची सरासरी दीड लाख आली. प्रमाण ४ आणि वसुलीचा काळ ९१ दिवस. दुकान तेच आणि वही तीच, उत्तर मात्र अडीच पट. शेतीवर चालणाऱ्या बाजारात आर्थिक वर्षाची अखेर ही नेमकी उधारी ओसरलेली तारीख आहे. दुकानदार ऑगस्टात घाऊक व्यापाऱ्याला पैसे द्यायला का अडतो, याचं उत्तर ताळेबंदात दिसत नाही ते यामुळे. तुमच्या प्रकल्पात बाकी काही नसलं आणि हा बारा बिंदूंचा आलेख असला, तरी मी चांगले गुण देईन.

मग प्रश्नावली, आणि लहान

वही 'किती' आणि 'कधी' सांगते, 'का' सांगत नाही. त्यासाठी त्या ७५ पैकी वीस-पंचवीस जणांना भेटा. दुकानात नव्हे, दुकानदारासमोर तर मुळीच नाही. दारात किंवा ओट्यावर भेटा.

पाच बिंदूंची सहमती-असहमती मापनी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. ती दृष्टिकोन मोजण्यासाठी आहे. 'मी उधारी वेळेवर फेडतो: पूर्णतः सहमत ते पूर्णतः असहमत' हे विचारून काही मिळत नाही, पाहुण्याला नाही कशाला म्हणा म्हणून लोक "हो, बरोबर हाय" म्हणतात. त्याऐवजी शेवटचा प्रसंग विचारा. "मामा, मागच्या वेळी बाकी दिली ती कधी? ते पैसे कशातून आले? त्या दिवशी आणखी कोणाकोणाला द्यायचे होते? आधी कोणाला दिले?" शेवटच्या प्रश्नातून परतफेडीचा क्रम कळतो: आडत्या, बचत गटाचा हप्ता, मुलाची फी, औषधवाला आणि मग किराणा. किंवा उलट.

उत्पन्न विचारू नका. जमीन किती, जिरायत की बागायत, दुभतं जनावर आहे का, घरात पगार येतो का, सालगडी म्हणून कोणी आहे का, एवढं विचारा. आणि घरातल्या बाईशी स्वतंत्र बोलणं होईल असं बघा, त्यासाठी गटात एक मुलगी असावी. सामान मांडून आणते ती आणि बाकी देतो तो, असं असेल तर तुम्ही एका ग्राहकाच्या नाही, दोघांच्या वर्तनाचा अभ्यास करताय. आधी आठ-दहा जणांवर प्रश्न चालवून बघा. जिथे माणूस "म्हंजे?" म्हणेल तो प्रश्न पुन्हा लिहा.

उधारी ही लाजेची गोष्ट असू शकते. "तुमची साडेचार हजार बाकी आहे ना?" असं वहीतलं वाचून दाखवलंत तर तुमचं आणि दुकानदाराचंही नाव गेलं. म्हणून वहीतल्या ग्राहकाकडे जाण्याआधी दुकानदाराने त्याला विचारावं, आणि तो हो म्हणाला तरच तुम्ही जावं.

आकडे बोलके करणं

मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि सरासरी दोन्ही काढा. दोन-तीन खाती वर्षभर अडकलेली असली की सरासरी फुगते, मध्यक जागेवर राहतो. चाचणी एकच, काय-वर्ग (chi-square), पण समजून लावा. समजा ८० खात्यांत ५० शेतकरी, ३० पगारदार. ६० दिवसांच्या आत फेडणारे शेतकरी १५, पगारदार २१. कोणी कसंही असलं तरी फेड सारखीच, असं गृहीत धरलं तर ५० गुणिले ३६ भागिले ८०, म्हणजे २२.५ शेतकरी आत यायला हवे होते. तक्त्यातल्या चारही चौकटींचा असा फरक धरून काय-वर्ग १२.१२ येतो. एक मुक्तता अंशाला ५ टक्क्यांची मर्यादा ३.८४, म्हणजे फरक योगायोगाचा नाही. कुठल्याही चौकटीत अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली तर ही चाचणी वापरू नका.

इथपर्यंत सगळे येतात, आणि मग लिहितात: 'शेतकरी ग्राहक परतफेडीत अनियमित आहेत.' थांबा. उशीर आणि अनियमितपणा एक नाहीत. आता दिवस खरेदीच्या तारखेपासून न मोजता घरात पैसा आल्याच्या तारखेपासून मोजा, म्हणजे पट्टीपासून आणि पगारापासून. फरक उरतो का बघा. उरला नाही तर दोघंही सारखेच शिस्तीचे आहेत, फक्त एकाचा पगार वर्षातून दोनदा होतो. उरला तर तो खरा शोध आहे. विद्यार्थी सहसा ही दुसरी मोजणी करत नाहीत, कारण पहिल्या चाचणीचं उत्तर आलेलं असतं.

छोटा प्रयोग

कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृती-संशोधनाची कल्पना मांडली: बदल करून बघा, मोजा, पुन्हा करा. तुम्हीही करू शकता. निवडलेल्या खात्यांना १ पासून नवे क्रमांक द्या, कारण ३, ७, ११ हे जुने क्रमांक सगळे विषमच आहेत. मग सम क्रमांकाच्या खात्यांना महिन्याच्या एक तारखेला बाकीची छापील चिठ्ठी सामानासोबत द्यायची, विषमांना नेहमीसारखंच. तीन महिन्यांनी दोन्हींची वसुली ताडून बघा. मजकूर सौम्य असू द्या: 'आपली बाकी इतकी आहे, माहितीसाठी.' प्रयोग जुलैत करू नका, हातात पैसाच नसेल तर चिठ्ठीने काय होणार? नोव्हेंबर ते जानेवारी योग्य. आणि चिठ्ठी घेऊन कोणी रागावला तर त्याचं खातं प्रयोगातून काढा, पण नोंद ठेवा.

अहवाल

संकल्पनात्मक प्रकरण आठ पानांपेक्षा मोठं नको. 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' हे वाक्य आलं की मी वाचणं थांबवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतची साम्यता दंडाविना चालते, पण तुमचे आकडे तुमच्या वहीतले असतील तर ही काळजी उरत नाही. मर्यादांच्या प्रकरणात 'वेळ आणि पैशाची मर्यादा' लिहू नका. जुनी वही मिळाली नाही, दुसऱ्या दुकानाची पानं फाटलेली होती, तीन ग्राहक बोलायला तयार नव्हते, हे लिहा.

एक प्रत विद्यापीठाला आणि एक पान दुकानदाराला. त्या एका पानावर त्याचा बारा महिन्यांचा आलेख, बाकीचं वयवार कोष्टक आणि चिठ्ठीच्या प्रयोगाचं उत्तर, मोठ्या अक्षरांत. तो पान हातात घेईल, चष्मा लावेल, आणि माझ्या अनुभवात प्रत्येकाने विचारलेला प्रश्न विचारेल: "पलीकडच्या दुकानाचा आकडा किती आला?" त्याचं उत्तर द्यायचं नाही.